फुलं भरपूर, फळं 'नाशी'

जपानी भाषेत 'नाशी' या उच्चाराचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे हे फळ, आणि दुसरा 'नाही', 'नसणे'. त्यामुळे शुभप्रसंगी तिथली जुनी माणसं या फळाचं नाव घ्यायचं टाळत आणि त्याऐवजी 'आरी नो मी', म्हणजे 'असण्याचं फळ', असं म्हणत. नारळ 'फोडला' न म्हणता 'वाढवला' म्हणणाऱ्या आणि घरातून निघताना 'जातो'ऐवजी 'येतो' म्हणणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नाही.

न्यूझीलंडमध्ये मात्र सगळे या फळाला सरळ नाशीच म्हणतात. अमेरिकेत त्याला 'एशियन पेअर' म्हणतात. इथल्या अनेक घरांच्या परसात हे झाड त्या दुसऱ्या, अशुभ अर्थानेच नाशी असतं. सप्टेंबरात ते पांढऱ्या फुलांनी डवरतं, येणारे-जाणारे थांबून फोटो काढतात, आणि नोव्हेंबरात पाहावं तर फांदीवर फळाचा पत्ता नाही. मग माती वाईट, खत कमी पडलं, वारा फार, अशी कारणं निघतात. बहुतेक वेळा खरं कारण फुलाच्या आतच असतं. ते समजलं की उपाय अवघड नाही, आणि महागही नाही.

आधी थोडं नात्यागोत्याविषयी. 'नाशी' आणि आपली 'नाशपाती' हे शब्द जुळे वाटतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. नाशी हा अस्सल जपानी शब्द, तर नाशपाती फारसीतून आलेली. गंमत अशी की शब्द परके असले तरी फळं सख्खी आहेत. पावसाळ्यात आपल्याकडे उत्तरेतून येणाऱ्या नाशपात्यांमध्ये एक कडक, रवाळ, दाताखाली कचकच वाजणारी असते. पंजाबात अमृतसर, तरणतारण, गुरदासपूर भागात तिची मोठी लागवड आहे आणि तिथलं तिचं नाव आहे 'पत्थरनाख'. नाख म्हणजे नाशपाती, आणि पत्थर कशासाठी ते एक घास घेतला की कळतं. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही पत्थरनाख आणि जपानची नाशी एकाच प्रजातीच्या, 'पायरस पायरिफोलिया'. मानेकडे निमुळती होत जाणारी, पिकल्यावर लोण्यासारखी मऊ पडणारी युरोपातली पेअर ही वेगळी प्रजाती, 'पायरस कम्युनिस'. तेव्हा न्यूझीलंडच्या दुकानात नाशी पहिल्यांदा चावून 'अरे, ही चव कुठेतरी खाल्ली आहे' असं कुणाला वाटलं असेल, तर त्याच्या जिभेची स्मरणशक्ती चांगली आहे.

ही प्रजाती मूळची चीनकडची. ती पंजाबात कशी आली याची एक कथा सातव्या शतकात ह्युएन त्संगने लिहून ठेवली आहे. कनिष्काच्या दरबारी ओलीस ठेवलेले चिनी राजपुत्र हिवाळ्यात पंजाबातल्या चीनभुक्ती नावाच्या प्रदेशात राहत. या भागात तोवर पीच आणि नाशपाती माहीत नव्हत्या. त्या ओलिसांनी लावल्या. म्हणून पीचला 'चीनानी' आणि नाशपातीला 'चीनराजपुत्र' अशी संस्कृत नावं पडली, असं तो सांगतो. कथेतला इतिहास किती आणि दंतकथा किती, हे ठरवणं कठीण. पण परदेशी अडकलेल्या माणसांनी आपल्या गावचं झाड लावून पाहावं, हे मला तरी अगदी पटतं.

नावांचा घोळ इथेच संपत नाही. आपला 'पेरू' हा शब्द पोर्तुगीज 'पेरा'वरून आला असं मानतात, आणि पेरा म्हणजे पेअर. गोव्यात कोकणीत पेरूला अजूनही 'पेर' म्हणतात. हिंदीतला 'अमरूद' हाही मूळ फारसीत नाशपातीचंच नाव. म्हणजे अमेरिका खंडातून आलेल्या एका फळाला मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांनी वेगवेगळ्या वाटांनी नाशपातीचं नाव चिकटवलं. आकारामुळे असेल, पण दोन्ही फळांच्या गरातली कचकच मात्र खरोखर एकाच जातीची आहे.

ही कचकच म्हणजे अश्मपेशी. फळ अगदी लहान असताना गरातल्या काही पेशींच्या भिंती लिग्निन नावाच्या द्रव्याने जाड होत जातात. लाकडाला कडकपणा देतं तेच हे लिग्निन. शेवटी आतला जिवंत भाग मरून जातो आणि उरतो तो दगडासारखा कण. असे कण एकत्र जमले की दाताखाली वाळू लागल्यासारखं वाटतं. म्हणून इंग्रजीत या प्रजातीला 'सँड पेअर' असंही नाव होतं. जपानी बागाईतदारांनी पिढ्यान्‌पिढ्या कमी कणांची, जास्त रसाची झाडं निवडली. त्यामुळे आजच्या नाशीत हे कण मुख्यतः बियांच्या गाभ्याजवळ उरले आहेत, आणि बाकीचा गर चावताच फुटून पाणी सोडतो.

या निवडीतलं सर्वांत नावाजलेलं झाड मात्र कुणी निवडलेलं नव्हतं. १८८८ साली आजच्या तोक्योजवळच्या मात्सुदो भागात मात्सुदो काकुनोसुके नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाला उकिरड्यावर उगवलेलं एक रोप दिसलं. त्याने ते उचलून वडिलांच्या बागेत लावलं. दहा वर्षांनी, १८९८ मध्ये, त्याला फळ धरलं: गुळगुळीत, फिकट हिरवं, पातळ सालीचं आणि कमालीचं रसाळ. त्या काळच्या तपकिरी, जाड सालीच्या नाशींपुढे ते इतकं वेगळं होतं की पुढे त्याचं नाव ठेवलं गेलं 'निजिस्सेइकी', म्हणजे 'विसावं शतक'. मूळ झाडाला १९३५ मध्ये नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात त्याला इजा झाली आणि १९४७ मध्ये ते मेलं. त्याची कलमं मात्र जगभर पसरली आणि न्यूझीलंडच्या रोपवाटिकांतही मिळतात.

निजिस्सेइकीला एक शाप होता, काळ्या ठिपक्यांच्या रोगाचा. आल्टरनेरिया नावाच्या बुरशीचा एक प्रकार असं विष तयार करतो, जे काही मोजक्या जातींच्याच पेशी मारतं. निजिस्सेइकी त्यातली एक. शेजारच्या झाडाला काही होत नाही आणि हिची पानं मात्र काळी पडतात. जपानमध्ये कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांच्या शेतात १९६२ मध्ये निजिस्सेइकीची झाडं लावून ठेवली होती. तब्बल १९ वर्षांनी, १९८१ मध्ये, त्यातल्या एका झाडाच्या एका फांदीवर रोग नाही असं लक्षात आलं. त्या फांदीपासून झाली 'गोल्ड निजिस्सेइकी'. १९ वर्षं एकेक फांदी पाहत राहणाऱ्या माणसांना माझा दंडवत.

न्यूझीलंडमध्ये नाशीची व्यापारी लाट आली ती १९८०च्या दशकात. किवीफळाने पैसा मिळवून दिला होता आणि 'आता पुढचं फळ कोणतं' असा शोध चालू होता. नाशीच्या बागा भराभर उभ्या राहिल्या, पण बाजार अपेक्षेइतका टिकला नाही आणि पुढे बऱ्याच बागा काढून टाकल्या गेल्या. तरी काही गोष्टी मागे राहिल्या. एक म्हणजे घरगुती बागांसाठी चांगली कलमं. दुसरी म्हणजे प्लँट अँड फूड रिसर्च या संस्थेचा मोटुएका इथला संकराचा प्रकल्प, ज्यात युरोपीय, जपानी आणि चिनी पेअर एकत्र आणून नव्या जाती काढल्या गेल्या. 'पिका बू' या नावाने विकली जाणारी लालसर पेअर त्यातलीच.

आता त्या न धरणाऱ्या फळांकडे येऊ.

झाडाचं गोत्र

नाशीच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. तरीही आपलेच पराग आपल्या कुक्षीवर पडले तर फळ धरत नाही. हा नियम सगोत्र विवाहाच्या बंदीसारखा आहे, फक्त इथे गोत्र पाहणारा भटजी म्हणजे एक जनुक आहे. त्याला 'एस' म्हणतात आणि त्याचे वेगवेगळे प्रकार क्रमांकांनी ओळखतात. प्रत्येक झाडाकडे असे दोन क्रमांक असतात, परागकणाकडे त्यातला एकच जातो.

परागकण कुक्षीवर पडला की तो एक नळी काढतो आणि ती बीजांडाच्या दिशेने वाढू लागते. वाटेत फुलाच्या ऊतीतून एक विकर तिच्यात शिरतं. हे विकर आरएनए कापतं, म्हणजे परागनलिकेच्या जगण्याची सामग्रीच नष्ट करतं. परागाकडे परक्या क्रमांकांची विकरं ओळखून मोडीत काढायची सोय असते. मात्र स्वतःच्याच क्रमांकाचं विकर त्याला ओळखता येत नाही. त्यामुळे परका पराग सुखरूप पार जातो आणि घरचा पराग अर्ध्या वाटेत अडकून मरतो. फूल बाहेरून छान दिसतं, काही दिवसांनी देठासकट गळून पडतं.

जातींचे क्रमांक शास्त्रज्ञांनी शोधून काढले आहेत, आणि रोपवाटिकेच्या लेबलावर हे क्वचितच छापलेलं असतं, म्हणून इथे देतो. होसुईचे क्रमांक ३ आणि ५. निजिस्सेइकीचे २ आणि ४. कोसुईचे ४ आणि ५, शिन्सुईचेही ४ आणि ५. चोजुरोचे २ आणि ३, शिन्सेइकीचे ३ आणि ४. म्हणजे कोसुई आणि शिन्सुई शेजारी-शेजारी लावल्या, तर दोन झाडं असूनही परिस्थिती एकाच झाडासारखीच. होसुई आणि निजिस्सेइकी यांचा एकही क्रमांक सारखा नाही; त्यांची पत्रिका छत्तीस गुणांनी जुळते, आणि फुलोराही बऱ्यापैकी एकाच वेळी येतो. होसुई आणि कोसुई यांच्यात ५ हा क्रमांक समान आहे, म्हणून एकमेकींचे निम्मेच पराग चालतात. पण मधमाश्या असतील तर घरापुरतं तेवढंही पुरतं. निइताका नावाची मोठ्या फळाची एक जात आहे, तिचे पराग वांझ असतात. ती दुसऱ्याकडून घेते, देत काहीच नाही.

(या नावांतल्या 'सुई'चा टोचण्याशी संबंध नाही. सुई म्हणजे पाणी. होसुई म्हणजे विपुल जल, कोसुई सुखाचं जल, शिन्सुई नवं जल. फळ खाल्ल्यावर ही नावं पटतात.)

इतके क्रमांक सारखे का निघतात? कारण आधुनिक नाशी हे एकच मोठं कुटुंब आहे. शिन्सुई आणि कोसुई या दोघींची आई एकच, किकुसुई. आणि किकुसुईला जन्म देणाऱ्यांत होती उकिरड्यावरची निजिस्सेइकी. होसुईची कथा आणखी मजेदार आहे. १९७२ साली ती जाहीर झाली तेव्हा नोंदीत तिचे जनक म्हणून 'री-१४' आणि 'याकुमो' यांची नावं होती. पुढे डीएनए तपासला तेव्हा ती निघाली कोसुईची लेक, आणि दुसऱ्या बाजूनेही निजिस्सेइकीचीच नात. कागदावर दोन्ही पालक चुकीचे! जवळच्या नात्यात वारंवार संकर केल्याने झाडांचा जोम कमी होतो, ही जपानी संशोधकांची खरी काळजी आहे. आपल्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की, 'दोन वेगळ्या जाती घेतल्या' म्हणजे काम झालं असं नाही. कोणत्या दोन, हे पाहावं लागतं.

दोन झाडांना जागा नसेल तर एकाच खुंटावर दोन जातींचं कलम केलेली झाडं इथे मिळतात. असलेल्या झाडावर दुसऱ्या जातीची डोळकाडी बांधणं हाही चांगला मार्ग. मित्राच्या झाडाची हिवाळी छाटणी होईल तेव्हा पेन्सिलीएवढी काडी आणून ओल्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा आणि ऑगस्टअखेर, डोळे फुगायच्या सुमारास पाचर कलम करा. ज्यांनी कोकणात आंब्याची कलमं बांधताना पाहिली आहेत त्यांना हात बसायला वेळ लागणार नाही. तोवरची तात्पुरती सोय म्हणजे मित्राच्या झाडाची फुललेली फांदी पाण्याच्या बादलीत घालून आपल्या झाडाखाली ठेवणे. बाकीचं माश्या बघतील.

काही एकट्या झाडांनाही फळं धरतात, ती कशी? शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे दुसरी नाशी असते, किंवा रस्त्याकडेला शोभेची पेअर असते. शिन्सेइकी थोडीफार स्वतःच्या परागावरही धरते असं म्हणतात. जपानच्या तोत्तोरी भागात तर निजिस्सेइकीचा असा एक प्रकार सापडला, 'ओसा निजिस्सेइकी', ज्यात ४ क्रमांकाच्या विकराचं जनुकच गळून गेलं आहे. पहारेकरीच नाही, त्यामुळे घरच्या परागालाही वाट मोकळी.

माश्या, पिसं आणि एक जिवाणू

मधमाश्यांना पेअरची फुलं फारशी आवडत नाहीत. मधुरसात साखर कमी असते, आणि शेजारी काही गोड फुललं असेल तर त्या तिकडे जातात. शिवाय इथला वसंत म्हणजे वारा आणि पाऊस. १२-१३ अंशांखाली मधमाश्या बाहेरच पडत नाहीत. भुंग्यासारख्या केसाळ 'बम्बलबी' थंडीतही काम करतात. त्यांना १८८५ मध्ये इंग्लंडहून इथे आणलं, तांबड्या क्लोव्हर गवताचं बी धरावं म्हणून. परसात त्यांच्यासाठी बोरेज किंवा लॅव्हेंडर असू द्या.

जपानमध्ये बागाईतदार पिसांचा गोंडा लावलेल्या काठीने हाताने परागण करतात. एका-दोन झाडांना आपल्यालाही मऊ रंगाच्या ब्रशने हे सहज जमतं: एका जातीच्या नुकत्या उमललेल्या फुलांचे पराग घ्यायचे, दुसरीच्या फुलांना लावायचे. कोरडी दुपार बघा.

पराग ही किती गंभीर गोष्ट आहे हे २०२३ मध्ये दिसलं. जपान बराचसा पेअरचा पराग चीनमधून आणत असे. चीनमध्ये 'फायर ब्लाइट' रोग असल्याचं कळल्यावर त्या ऑगस्टमध्ये जपानने ही आयात थांबवली आणि बागाईतदारांची धावपळ उडाली. हा रोग करणारा जिवाणू फुलातून झाडात शिरतो. कोवळे शेंडे जळाल्यासारखे काळे पडतात आणि काठीच्या मुठीसारखे वाकतात. न्यूझीलंडमध्ये तो १९१९ पासून आहे. त्याच भीतीने ऑस्ट्रेलियाने १९२१ मध्ये इथल्या सफरचंदांना दार बंद केलं. ते उघडायला जागतिक व्यापार संघटनेपर्यंत भांडावं लागलं आणि २०११ साल उजाडलं.

नाशीच्या बहुतेक जाती या रोगाला बळी पडतात. शिन्को ही त्यातल्या त्यात चिवट. शेंडा काळा दिसला तर निरोगी लाकडात किमान ३० सेंटिमीटर आत कापा, प्रत्येक कापानंतर कात्री मेथिलेटेड स्पिरिटने पुसा, आणि कापलेलं कंपोस्टमध्ये न टाकता बाहेर काढा. नत्राचं खत भरपूर घातलं की कोवळी वाढ फोफावते आणि ती या जिवाणूला फार आवडते. बागेत कोंबडीखताची पोती रिकामी करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. आणि वरची बादलीची युक्ती करताना फांदी निरोगी झाडाचीच आणा.

थंडीचा हिशेब

परागाची सोय झाली तरी कळी उमलायला आधी थंडी हवी. नाशीच्या कळ्या हिवाळ्यात सुप्तावस्थेत असतात आणि साधारण ७ अंशांखालच्या तासांची जणू मोजणी करत असतात. होसुई-कोसुईसारख्या जातींना असे ७००-८०० तास लागतात. चीनच्या 'या ली'ला त्याहून बरेच कमी. हिशेब पुरा झाला नाही तर कळ्या एकदम उमलत नाहीत. फुलोरा आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, काही कळ्या मरतात, आणि दोन जातींच्या फुलांची वेळ जुळत नाही. आपल्या देशावर नाशपाती का होत नाही याचं हेच उत्तर. आणि ऑकलंड, नॉर्थलँडमध्ये ऊबदार हिवाळ्यानंतर पीक का घसरतं याचंही. वायकाटो, हॉक्स बे, नेल्सन इथे थंडी पुरेशी पडते. कँटरबरी आणि ओटागोत थंडी भरपूर, पण अडचण उलटी: उमललेली फुलं उणे २ अंशांच्या आसपास मरतात, आणि तिथे ऑक्टोबरातही दहिवर गोठतं. घराच्या उत्तरेकडची, भिंतीच्या आडोशाची जागा तिथे चांगली.

नाशिकच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. इथल्या किवीच्या बागांतही ते वापरत आले आहेत. घरच्या झाडासाठी तो विचारही करू नये. ते विषारी आहे, आणि अंगाशी आलं असताना दारू प्यायली तर माणूस आजारी पडतो.

लावणी ते विरळणी

उघड्या मुळांची कलमं जून ते ऑगस्टमध्ये मिळतात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणात. झाड उन्हात हवं. ऑकलंडच्या चिकणमातीत खड्डा खणून पाणी साठवण्यापेक्षा मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. खुंट कोणता ते विचारा. क्विन्सच्या ठेंगण्या खुंटावर नाशी नीट जुळत नाही, मध्ये युरोपीय पेअरचा तुकडा जोडावा लागतो; कॅलरी पेअरचा खुंट ओल्या मातीलाही तोंड देतो. फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात.

जपानमध्ये नाशीला मांडव घालतात, अगदी आपल्या द्राक्षांसारखा किंवा पडवळासारखा: डोक्याएवढ्या उंचीवर तारांचं जाळं आणि त्यावर बांधलेल्या आडव्या फांद्या. मूळ हेतू वादळात फळं वाचवण्याचा. पण त्याचा दुसरा फायदा मोठा आहे. उभी फांदी नुसती वर धावते. आडवी केली की शेंड्याचा दाब कमी होतो, वाढ मंदावते आणि फुलकळ्या जास्त धरतात. परसात मांडव नको असेल तर कुंपणाला तीन तारा ओढून त्यावर फांद्या आडव्या बांधा. शिडीशिवाय फळं हाताला येतात आणि जाळीही सहज टाकता येते.

विरळणीला मात्र माणसांचं मन होत नाही. इतकी वाट पाहून धरलेली फळं स्वतःच्या हाताने तोडायची! पण फळातल्या पेशींची संख्या फुलोऱ्यानंतर साधारण महिन्याभरात ठरते. नंतर त्या पेशी फक्त फुगतात. म्हणून विरळणी दिवाळीच्या सुमारास उरकली तरच उपयोग, डिसेंबरात केली तर उरलेली फळं फार मोठी होत नाहीत. एका घोसात पाच ते आठ फुलं असतात आणि पेअरमध्ये खालची आधी उमलतात. जपानी रीत अशी की खालून तिसरं ते पाचवं, त्यातलं लांब देठाचं, सरळ वाढणारं एक फळ ठेवायचं आणि बाकीची काढायची. पुढच्या फळापर्यंत वीतभर अंतर हवं. वाकडं, एका बाजूने बसलेलं फळ आधी काढा. त्या बाजूच्या बिया धरलेल्या नसतात आणि ते तसंच राहतं.

विरळणी झाल्यावर प्रत्येक फळाला कागदी किंवा पातळ कापडी पिशवी घालावी. कोकणात हापूसला घालतात तशीच. कॉडलिंग मॉथची अळी, टिचक्या मारून जाणारे टाउहो पक्षी आणि जानेवारीतलं कडक ऊन, तिन्हींचा बंदोबस्त होतो. पानांवर काळ्या, बुळबुळीत, गोगलगाईच्या पिल्लासारख्या अळ्या दिसल्या तर ती 'पेअर स्लग'. त्यावर कोरडी राख भुरभुरावी. हा उपाय माझ्या आजीला माहीत होता, तिने नाशी कधी पाहिली नसली तरी.

तोडणी

युरोपीय पेअर कडक असतानाच काढतात आणि ती घरात पिकते. झाडावर ठेवली तर आतून सडते. ही सवय नाशीला लावली की फजिती होते. नाशी झाडावरच पिकते. कच्ची तोडली तर कितीही दिवस टोपलीत ठेवा, गोडी वाढत नाही. पिकण्याचा निरोप देणारा एथिलीन वायू निजिस्सेइकी जवळजवळ तयारच करत नाही, म्हणूनच ती फ्रीजमध्ये दीर्घकाळ टिकते. कोसुई त्यामानाने लवकर मऊ पडते.

कोसुई आणि शिन्सुई जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, होसुई होळीच्या आगेमागे, निजिस्सेइकी मार्चमध्ये, असा साधारण क्रम. दक्षिण बेटावर थोडा उशिरा. होसुईची साल हिरवट तपकिरीवरून सोनेरी होते, निजिस्सेइकीची हिरवीवरून पिवळसर. फळ तळहातावर घेऊन वर उचललं की देठ सहज सुटला पाहिजे. खात्री नसेल तर एक कापून खा, यापेक्षा चांगलं यंत्र नाही. होसुई फार दिवस झाडावर ठेवली तर गर काचेसारखा पारदर्शक होतो. दिसायला छान, पण ती लवकर बिघडते.

साल पातळ असल्याने फळ जरासं आपटलं तरी डाग पडतो, म्हणून एकावर एक रचू नका. मुलांना एका वेळी चार-पाच देऊ नका. नाशीत सॉर्बिटॉल असतं, ते आतड्यात पुरतं शोषलं जात नाही आणि रात्री त्याचा हिशेब चुकता करावा लागतो. शिजवून ती फारशी मऊ होत नाही, तेव्हा शिऱ्यात घालण्यापेक्षा कोशिंबीर करा: दाण्याचं कूट, हिरवी मिरची, लिंबू, वरून हिंग-जिऱ्याची फोडणी. कचकचीला तिथे मान आहे.

आणि खाऊन झालेल्या गाभ्यातून कंपोस्टमध्ये एखादं रोप उगवलंच तर? बियांपासून मूळ जात येत नाही. फळ यायला बरीच वर्षं लागतील, आणि बहुधा ते लहान आणि रवाळ निघेल. जागा असेल तर उपटू नका. दोन हिवाळे वाढू द्या, खुंट अंगठ्याएवढा जाड झाला की त्यावर आपल्या झाडाशी क्रमांक जुळणाऱ्या जातीचं पाचर कलम बांधा. एखादी फांदी मात्र कलम न करता तशीच ठेवायला हरकत नाही.